पट्टीमागची माळ

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय सकाळी सहा ते सात या वेळात होतात आणि ते एकमताने होतात. सहा ते सात माझं मौन असतं.

हे मौन एकोणीस वर्षं चालू आहे. आई गेली तेव्हा तिची जपाची माळ माझ्याकडे आली आणि माळेबरोबर तिचा नेमही आला. नेम कडक आहे. तोंड बंद, हाताच्या खुणा बंद, कागदावर लिहून दाखवणं बंद. आई म्हणायची, "कपाळाला आठी घातलीस तरी ते बोलणंच." डोळ्यांबद्दल ती काही म्हणाली नव्हती, तेवढी फट मी राखून ठेवली आहे. दुसरा नेम असा की, दिवसभरात कोणाला कडू शब्द बोलायचा नाही. कडू शब्द लिहायचा नाही असं मात्र त्यात कुठेच नाही, हे माझ्या परवा लक्षात आलं. म्हणून हे लिहायला बसले.

तर सहा ते सात. या तासात आमच्याकडचा जुना सोफा विकला गेला आहे, माझ्या नणंदेला तीन महिन्यांसाठी राहायला बोलावलं गेलं आहे आणि माझ्या जपाच्या खोलीत लोखंडी कपाट येऊन पडलं आहे. "तुझी काही हरकत नाही ना?" असं हे मला दर वेळी विचारतात. माणूस रीतीचा. विचारून झालं की पाच-सात सेकंद माझ्या तोंडाकडे बघत थांबतात आणि मग म्हणतात, "ठरलं तर."

हे म्हणजे माझे यजमान. वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे आपण सोडून सगळं जग थोडं कमी भरतं, असा त्यांचा पक्का समज आहे. खिशात कायम मोजपट्टी असते. पोळी फुगली तरी किती, ते बघतात.

प्रकरण सुरू झालं ते गाडीपासून. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या घरांच्या भिंतींना बाहेरून फायबरच्या लांब आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत. वरच्या पट्टीची कड खालचीवर येते, म्हणजे पाऊसपाणी घरंगळून जातं आणि भिंत ओलावत नाही. एका संध्याकाळी हे गाडी मागे घेत होते आणि शेजारचे भाऊजी मागे उभे राहून हात हलवत होते. "येऊ द्या. येऊ द्या. अजून येऊ द्या." गाडी आली. जपाच्या खोलीच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला असलेली पट्टी मधोमध फुटली.

"मी 'बस' म्हटलं होतं," भाऊजी म्हणाले.

"कधी?"

"आवाज झाला ना, त्याच वेळी."

त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात येऊद्या भाऊजी म्हणते. हा कडू शब्द नाही. उच्चारलेला नाही.

दोन दिवसांत कॉलनी समितीची नोटीस आली. आमचे सचिव नोटीस स्वतः टाइप करतात, स्वतः आणून देतात आणि आपण ती उघडून वाचेपर्यंत दारात उभे राहतात. 'दर्शनी भागास बाधा' अशी नोंद होती आणि दुरुस्तीला आठ दिवसांची मुदत होती. सोबत अर्ज होता. अर्जाला हानीपूर्वीचं छायाचित्र जोडायचं होतं. आता न फुटलेल्या भिंतीचा फोटो कोण काढून ठेवतं? शोधून शोधून एक सापडला. त्यात बरोबर त्याच पट्टीपुढे नणंदबाई उभ्या होत्या.

"यांना बाजूला करून काढा," सचिव म्हणाले.

"फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे," मी म्हटलं.

"मग अडचण आहे."

दुसरी अडचण रंगाची निघाली. समितीच्या कागदात रंग होता 'राखाडी क्रमांक दोन'. दुकानदार म्हणाला, तो बंद झाला, आता त्यालाच 'पहाटेचं धुकं' म्हणतात. पहाटेचं धुकं म्हणजेच राखाडी क्रमांक दोन, असं दुकानदाराकडून लेखी आणा, असं सचिवांचं म्हणणं पडलं. दुकानदार म्हणाला, मी पट्ट्या विकतो, दाखले देत नाही. शेवटी ह्यांनी पट्टीचा तुकडा आणि भिंत शेजारी शेजारी धरून सचिवांना चार वेगवेगळ्या उजेडांत दाखवली. चौथ्या उजेडात, म्हणजे जवळजवळ अंधारात, त्यांना ती सारखी वाटली.

मग मिस्त्री आला. त्याने भिंतीवर बोटं वाजवली आणि चार स्क्रूंचं, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाला.

"स्क्रू किती मिलिमीटरचा?" ह्यांनी विचारलं.

"बसेल तेवढा."

तिथेच मिस्त्रीचं काम संपलं. बसेल तेवढा म्हणणाऱ्या माणसाच्या हातात हे घर देणार नव्हते. येऊद्या भाऊजी कुंपणाला रेलून ऐकत होते. ते म्हणाले, "स्क्रू कशाला मारताय? भिंतीला भोकं पडतात. गोंद आणा, नळीतला, पिस्तुलातून मारायचा. माझ्या मेव्हण्याने अख्खं न्हाणीघर चिकटवलंय."

"अजून आहे?" ह्यांनी विचारलं.

"मेव्हणा? आहे की."

गोंद आला. नळीवर लिहिलं होतं की हा तीस किलो वजन पेलतो. वजनाचा आकडा छापलेला दिसला की ह्यांचा विश्वास बसतो. खाली बारीक अक्षरांत असंही होतं की थंड व कोरड्या हवेत, ऊन पडण्याआधी लावावा. आमची ती भिंत पूर्वेची. तिथे साडेसातलाच ऊन येतं.

"म्हणजे सकाळी सहाला," हे म्हणाले. "तुझी काही हरकत नाही ना?" त्या वेळी सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी जपाला बसले होते. माळेबद्दल इथे सांगायला हवं. मणी लाकडी, बोराएवढे, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेले. एकशे आठातला चौपन्नावा मणी मणीच नाही, काळं, चार भोकांचं कोटाचं बटण आहे. मूळचा मणी कधीतरी हरवला, तेव्हा आईने हाताशी होतं ते ओवलं. शेवटच्या महिन्यांत आईला आमची नावं आठवत नसत. मला ती कधी नर्स समजायची, कधी स्वतःची बहीण. पण जप करताना बोट बटणावर आलं की थांबायची आणि म्हणायची, "आलं अर्धं." तेवढं बरोबर असायचं.

मी चाळिसाव्या मण्याच्या आसपास असताना हाक आली, "जरा हात लाव."

काम करायला मौनाची आडकाठी नाही. माळ खाली ठेवायची नसते म्हणून ती डाव्या मनगटाला सैलसा वेढा घालून अडकवली आणि बाहेर गेले. ह्यांनी नवी पट्टी माझ्या दोन्ही हातांत दिली आणि भिंतीवर पिस्तुलाने गोंदाची नागमोडी रेघ ओढू लागले. पट्टीची पाठ माझ्याकडे होती. पाठीवर पातळ, पारदर्शक कागद चिकटवलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'लावण्यापूर्वी काढून टाकणे'.

मी डोळे मोठे केले. ह्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत ह्यांच्याकडे पाहिलं.

"डोळ्यात काही गेलं का?" ह्यांनी विचारलं.

"वहिनी घाबरल्यात," कुंपणावरून येऊद्या भाऊजी म्हणाले.

"घाबरू नकोस. तीस किलो पेलतं."

मी डोळे मिटले, उघडले, कोपऱ्यावर रोखले. एकोणीस वर्षांत डोळ्यांवर एवढी कामगिरी मी कधी टाकली नव्हती. हे म्हणाले, "आधी काम होऊ दे, मग चेहरे कर," आणि पट्टी फिरवून माझ्या हातांसकट भिंतीकडे ढकलली. वरची कड वरच्या पट्टीखाली सरकली. "दाब. अजून दाब." भाऊजींच्या तोंडून सवयीने निघालं, "येऊ द्या, येऊ द्या." मनगटावरचा वेढा सुटला तो मला कळला. माळ पट्टी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उतरली. मी हात ओढला. हात आला, माळ आली नाही.

"हलू नकोस. एक मिलिमीटर सरकलं."

नळीवर चाळीस मिनिटं दाबून धरा असं होतं. हे घड्याळ घेऊन बाजूला बसले. मी भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी. येणारी-जाणारी माणसं थांबत होती. फिरायला निघालेले सचिव थांबले, दूधवाला थांबला. गोंद डावीकडून लावायला हवा होता की उजवीकडून, यावर चर्चा झाली. येऊद्या भाऊजींची बायको चहाचा कप घेऊन कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "वहिनी किती शांत असतात बाई. मी असते ना, तर एव्हाना गाव गोळा केलं असतं."

गाव गोळा झालेलंच होतं. मी बोलत नव्हते, एवढंच.

सात वाजले. मी म्हटलं, "माझी माळ आत गेली आहे. आणि पट्टीमागचा कागद काढायचा राहिला आहे."

ह्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "हे सहाला सांगायचं."

"सहाला माझं मौन होतं."

"मग आता चिकटलं की. आणि कागद राहू दे, कंपनी उगीच कागद देत नाही. संरक्षणासाठी असतो तो." मग नळीला बूच लावत म्हणाले, "माळ कुठली, आईची?"

"एकच आहे."

"हं," हे म्हणाले आणि पिस्तूल धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी पेन्सिलीने पट्टी तीन ठिकाणी ठोकून पाहिली आणि शेरा दिला: 'दुरुस्ती समाधानकारक व कायमस्वरूपी'. कायमस्वरूपी हा शब्द त्यांनी कौतुकाने घातला होता. पण तो पडल्यामुळे पट्टी आता मंजूर दर्शनी भाग झाली, आणि मंजूर दर्शनी भाग उघडायचा तर वेगळा अर्ज लागतो. अर्जात कारणं छापलेली आहेत: पाणीगळती, वायुगळती, विजेचा दोष, कीटक.

"'इतर' नाही का?" मी विचारलं.

"होतं. लोक त्यात काहीही लिहायला लागले म्हणून काढलं." मग सचिव हळू आवाजात म्हणाले, "कीटक टाकू का, वहिनी? कोण बघायला येतंय."

माणूस वाईट नाही. पण आईच्या माळेसाठी कागदावर खोटं लिहायला माझा हात धजेना. मी समासात लिहिलं, 'जपमाळ आत राहिली आहे'. समासातला मजकूर सचिवांच्या अधिकारात बसत नाही म्हणून अर्ज समितीपुढे गेला.

दरम्यान घरच्यांनी मला समजावलं. सुनेने बोटात घालायचं एक यंत्र आणून दिलं. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो आणि एकशे आठ झाले की ते शिट्टी मारतं. पोरगी मायेची आहे, मी तिच्यासमोर दोनदा शिट्टी वाजवून दाखवली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, हरवलेली थोडीच आहे? घरातच आहे ना." ह्यांनी तर मोजपट्टी काढून मी बसते तिथपासून भिंतीतल्या माळेपर्यंतचं अंतर काढलं. "त्रेचाळीस सेंटिमीटर. उलट जवळ आली म्हण."

मी बोटांच्या पेरांवर जप करत होते. चौपन्न झाले की बोट थांबायचं, पण ते मोजल्यामुळे थांबायचं. लागायचं काहीच नाही.

समितीची सभा रविवारी सकाळी साडेसहाला ठेवली होती. त्या वेळी सगळे मोकळे असतात, असं कारण होतं. माझा अर्ज चौथा विषय. मी सचिवांना जाऊन सांगितलं की वेळ अर्धा तास पुढे घ्या. ते म्हणाले, वेळ बदलायची तर तसा अर्ज आदल्या सभेत यायला हवा होता. हे म्हणाले, "काळजी कशाला करतेस? मी आहे ना बोलायला."

सभा कॉलनीच्या वाचनालयात असते. लोखंडी खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. तीन विषय पार्किंगचे होते, ते झटपट झाले. सहा पन्नासला सचिवांनी चौथा विषय वाचला आणि म्हणाले, "अर्जदारांनी आपलं म्हणणं मांडावं."

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. 'माझ्या आईची माळ आहे', एवढंच. पण मौन आईचं आणि माळही आईचीच. तिचा नेम मोडून तिची माळ सोडवली, तर मग त्या माळेवर मी जपायचं तरी काय? मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता ह्यांचं काम होतं. उठून एवढंच सांगायचं की बायको सातपर्यंत बोलत नाही, दहा मिनिटं थांबा. घड्याळ समोरच होतं.

"अर्जदार?" सचिव पुन्हा म्हणाले.

हे उठले. घसा साफ केला. भरलेल्या सभेकडे पाहून किंचित हसले आणि म्हणाले, "तिचं तसं काही नसतं हो. समजूतदार आहे ती."

सचिवांनी लिहिलं, 'अर्जदारास काही म्हणावयाचे नाही. विषय निकाली.' ठराव एकमताने मंजूर झाला. सात वाजून एक मिनिटाने मी तोंड उघडलं तेव्हा लोक खुर्च्या रचत होते. वाटेत हे म्हणाले, "मी सांभाळून घेतलं, नाहीतर तुझं हसं झालं असतं."

मी म्हटलं, "हो." कडू शब्द बोलायचा नाही, हा नेम किती कडक आहे ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी सहाला मी स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं आणि एक वाटी घेऊन बाहेर गेले. तीस किलोच्या गोंदाशी गाठ आहे म्हणून पाय रोवून उभी राहिले आणि उलथन्याची कड पट्टीखाली घातली. जोर लावावाच लागला नाही. डब्याचं झाकण निघावं तशी पट्टी माझ्या हातात आली. ती इतके दिवस वरच्या पट्टीच्या कडेत अडकून नुसती लटकत होती. गोंद सगळा त्या न काढलेल्या कागदाला चिकटला होता, आणि कागद भिंतीला. त्या पारदर्शक कागदाखाली माळ काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखी दिसत होती.

तिला मात्र गोंदाने धरलं होतं. छापल्याप्रमाणे, तीस किलोच्या हिशोबाने.

मी कागद फाडला आणि उलथन्याच्या टोकाने एकेक मणी खरवडू लागले. दोरा पहिल्याच फटक्यात तुटला. आवाजाने हे बनियनवर बाहेर आले.

"काय करतेस हे? अगं, विचारतोय मी."

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी एक मणी वाटीत टाकला.

सचिव फिरायला निघाले होते, ते फाटकाशीच थांबले. "वहिनी, परवानगी? हे विद्रूपीकरणात येतं. कारण काय लिहू मी?" मी दुसरा मणी टाकला. शेजारचं कुंपण भरलं. "काहीतरी बोला हो, वहिनी," येऊद्या भाऊजींची बायको म्हणाली. भाऊजी स्वतः दोन्ही हात वर करून म्हणाले, "बस. बस. बस." हा शब्द त्यांना येतो, हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

"तू उत्तर का देत नाहीस?" हे म्हणाले. एकोणीस वर्षं या मौनाच्या शेजारी झोपलेला माणूस. मग त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी घड्याळात पाहिलं आणि पायरीवर बसले. सचिव त्यांच्या शेजारी बसले. चाळीस मिनिटं ती सगळी मंडळी माझ्या उलथन्याचा आवाज ऐकत होती. ती भिंत मला चाळीस मिनिटं दाबून धरायला लावली होती, तेवढीच.

सात वाजले तेव्हा वाटीत सव्वीस मणी होते. प्रत्येकाला गोंदाचा एकेक पांढरा कान.

"आता बोल," हे म्हणाले.

मी उलथनं पुसलं. "माझ्या मौनाची वेळ उद्यापासून बदलली आहे."

"किती वाजता?"

"ते सांगायचं नाही, असा नेम आहे."

याला अकरा दिवस झाले. पट्टी भिंतीला टेकवून उभी आहे. समितीच्या दोन नोटिसा आल्या, दुसरीत 'कायमस्वरूपी' हा शब्द खोडला आहे. वाटीत आज एकाहत्तर मणी आहेत. बटण कोपऱ्यात, गोंदाच्या सगळ्यात जाड थराखाली रुतलं आहे. चार भोकं दिसतात, पण जोर केला तर फुटेल, म्हणून त्याला मी हात लावलेला नाही. जपाच्या वेळी बाहेर जाते, त्याच्यावर बोट ठेवते आणि आत येऊन पुढचं अर्धं करते.

काल दुपारी नणंदबाईंचा फोन आला. हे माझ्याकडे वळले आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "दोन महिने यायचं म्हणतेय. कपाटाची खोली देऊ तिला. तुझी काही हरकत नाही ना?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाच सेकंद गेले, सात गेले, दहा गेले. मौन नव्हतं. पण ते ह्यांना माहीत नव्हतं, आणि 'ठरलं तर' म्हणायचा धीर ह्यांना झाला नाही.

"तुला नंतर करतो," असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला.